खेमराजचा बिल्ला

रुक्माबाई विळा टाकून धानाच्या शेताच्या धुऱ्यावर बसली ती उठेचना. कापलेला धान ओळीनं पडून होता आणि दरेकशाच्या डोंगरावर आभाळ भरून आलं होतं.

"अजी, तो बिल्ला देऊन टाका पयले. धान मंग बांधू."

"काऊन देऊ? सरकारनं देल्ला हाय."

"सरकार रायते गोंदियाले. थे रायतेत या डोंगरात!"

खेमराजचा हात छातीवरच्या पितळी बिल्ल्याकडे गेला. पोलीस पाटील झाल्यापासून तो बिल्ला लावूनच शेतात जायचा. त्याच्या घराण्याला आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती. या बिल्ल्यापायी ठाण्यात मिळू लागली. गावचा मोठा शेतकरी गुलाबचंद मात्र अजून 'खेम्या'च म्हणे. त्याच्या तोंडून एकदा चारचौघांत 'पाटील' ऐकायचं, ही खेमराजची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं आहे.

काल सांजेला दोन बंदूकवाले अंगणात आले, पाणी प्यायले. "पोलिसायले खबर देनारा पाटील नाई पायजे. मंडईची जत्रा भरन्याच्या आत बिल्ला सोड," एवढं बोलून जंगलात गेले. पलीकडच्या गावच्या पाटलानं अशीच धमकी कानाआड केली होती, बिल्ला सोडला नव्हता. तो नाल्यात मरून पडलेला सापडला.

"मी का तुमच्या फोटोले हार घालत बसू?" रुक्माबाई रडू लागली, तेव्हा खेमराजचं अवसान गळालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सालेकशाला जाऊन राजीनामा दिला, बिल्लाही दिला. येताना भेटेल त्याला सांगत आला, "मी आता पाटील नाई गा. सप्पायले सांगजा." गावाला वाईट वाटलं. गुलाबचंदलाही वाटलं, हे विशेष.

मंडईच्या दिवशी भर दुपारी स्टेजवर दंडारीचा खेळ रंगला. नवराबायको कडेला बसले होते. गुलाबचंदनं माईक हातात घेतला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"बिल्ला गेला मनून मानूस जात नाई! आमच्या गावचे पोलीस पाटील खेमराजजी, यायनं स्टेजवर यावं!"

टाळ्या पडल्या. खेमराज जागचा हलला नाही. गर्दीच्या मागं शाली पांघरलेले दोघं उभे होते. पाणी पिऊन गेलेले तेच. त्यांतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. रुक्माबाईनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"या ना पाटील," गुलाबचंद प्रेमानं ओरडला, "लाजून रायले कायले?"