दुसरी तपासणी

बिन्सीमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती, हीच लीमाची मुख्य तक्रार होती. कोट्टयमजवळच्या त्या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला पस्तीस मुली. त्यांतल्या एकीलाच जर्मनचा वर्ग फुकट मिळणार होता, आणि पुढे थेट जर्मनी. तेहेतीस जणींना लीमाने मनातल्या मनात कधीच बाद केलं होतं. उरली बिन्सी. त्या जागेसाठी आज वॉर्डात तिची परीक्षा होती, लीमाची उद्या.

इन्सुलिन दुसरीने तपासल्याशिवाय टोचायचं नाही, हा वॉर्डाचा नियम. बिन्सीने आपण होऊन लीमाला मागून घेतलं.

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही गं."

हा चांगुलपणा लीमाला फार झोंबला.

"अम्मच्ची, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं," बिन्सीने खाटेवरच्या म्हातारीला विचारलं.

"काल सांगितलं की! रोज बदलतं काय गं पोरी, मोळे?" म्हणत तिने घराण्याच्या नावासकट सांगितलं. बिन्सीने मनगटावरची पट्टी पाहिली, कागद पाहिला: बारा युनिट, नाश्त्याआधी, पोटाच्या कातडीखाली. परीक्षा घेणाऱ्या सालोमी सिस्टरांनी मान डोलावली. एवढी मान त्यांनी लीमासाठी कधी डोलावली नव्हती.

"आणि ते इथलं इन्सुलिन नको. मुलाने दुबईहून पाठवलंय तेच दे," अम्मच्ची म्हणाली. डॉक्टरांची परवानगी होती. बिन्सीने फ्रिजमधून तिच्या नावाची बाटली काढली, ट्रेमधली लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि बाराच्या रेघेपर्यंत भरली.

"बघ गं."

लीमाने बाटली वाचली. एका मिलीलीटरमध्ये शंभर युनिट. वॉर्डातल्या सगळ्या बाटल्या चाळीसच्या, म्हणून लाल सिरिंजही चाळीसची. या सिरिंजमधले बारा म्हणजे या दुबईवाल्या बाटलीतले तीस. म्हातारीची साखर तळाला गेली असती.

आपण बोललो तर बिन्सी 'अय्यो' म्हणून हसेल, सिरिंज बदलेल आणि सगळ्यांना आणखीच गोड वाटेल. सिस्टर समोरच आहेत. त्यांनाच दिसू दे.

"हं," लीमा म्हणाली. ना हो, ना नाही.

तेवढ्यात अम्मच्चीच्या सुनेने सिस्टरांना पलीकडे वळवलं. "सिस्टर, घरी कधी सोडणार?"

बिन्सीने पोटाची कातडी चिमटीत धरली. सुई टेकली.

"थांब!" लीमा किंचाळली. "बाटली शंभरची आहे!"

बिन्सीने सुई मागे घेतली. सिस्टरांनी वळून बाटली पाहिली, सिरिंज पाहिली, आणि मग लीमाकडे पाहिलं.

"तुला कधी दिसलं?"

आत्ता म्हणावं, तर तपासताना डोळे मिटले होते. आधीच म्हणावं, तर तोंड मिटलं होतं. जर्मनी दोन्हीकडून सारख्याच अंतरावर होती.

"भरून दाखवली तेव्हाच," लीमा म्हणाली.

सिस्टरांनी वहीत दोन नावांवर काट मारली. उद्या यायची गरज नाही, एवढंच लीमाला सांगितलं.

बिन्सी रडायला लागली. रडतानासुद्धा ती बरी दिसत होती. अम्मच्चीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, "असू दे गं मोळे, होतं असं," म्हणून थोपटलं आणि लीमाकडे बघून म्हणाली,

"तू कशाला ओरडलीस एवढ्यांदा? पोर घाबरली ना!"