पिवळ्या ठिपक्याचा शेजार

मी एक जुनी हवाबंद बरणी आहे. जाड काच, वर धातूचं झाकण, खाली रबरी कडं आणि आवळायला स्क्रू. खाऊ मात्र माझ्यात कधीच नसतो. मित्रांनो, माझ्या पोटात जे राहतात, तेच तुमच्याही पोटात राहतात: जिवाणू. त्यांतले बरेचसे हवेत मरतात. म्हणून माझ्यात ऑक्सिजन शोषणारी पुडी ठेवतात. ऑक्सिजन संपला की आतली निळी पट्टी पांढरी होते. मग उबदार कपाटात पाच दिवस गप्प बसायचं, एवढंच माझं काम.

वीस वर्षं मी ते केलं. "भरवशाची आहे हो ही," असं प्रयोगशाळेच्या मॅडम नव्या लोकांना सांगत.

मग एक संशोधक ताई आली. तिने आपल्या बाबांच्या शौचाचा नमुना आणला होता. नाकं मुरडू नका! त्यातूनच माझ्यात ठेवलेल्या, जिवाणू वाढवायच्या चपट्या काचेच्या प्लेटवर एका अनोळखी जिवाणूचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवले. त्याची ओळख पटवायची तर त्याला एकट्याला वाढवायला हवं. ताईने आजूबाजूचे दुसऱ्या एका जिवाणूचे जाडे पिवळे ठिपके टाळून त्याला नव्या प्लेटवर नेलं. पाच दिवसांनी प्लेट कोरी. तीनदा असंच झालं.

"ही बरणी गळते," ताई वैतागून म्हणाली. पट्टी तर दरवेळी पांढरी झाली होती! पण माझी रवानगी माळ्यावर झाली. नवी बरणी आली. तिच्यातही प्लेट कोरीच निघाली.

एव्हाना बाबांना आजारपणात प्रतिजैविकं घ्यावी लागली होती. त्यांच्या नव्या नमुन्यात तो जिवाणू सापडेना. उरली ती पहिली प्लेट, आणि ती उघडली की दरवेळी काही जण मरत.

ताईने बरणीचं झाकण न काढता बाहेरूनच भिंगातून ती प्लेट पाहिली. मग मोजपट्टी आणली. पिवळ्या ठिपक्याजवळचे ठिपके मोठे होते. लांबचे बारीक, आणि त्यापलीकडे एकही नाही.

"अगं बाई!" ती पुटपुटली. "ज्याच्या जिवावर हा जगतो, त्यालाच मी दूर ठेवत होते."

या वेळी तिने नव्या प्लेटवर पिवळ्या जिवाणूची एक रेष ओढली आणि तिच्या शेजारीच त्या अनोळखी जिवाणूला ठेवलं. नवी बरणी दुसऱ्या कामात अडकलेली होती, म्हणून मला खाली काढलं.

"त्या गळक्या बरणीत?" मॅडमनी विचारलं.

"गळकी नाहीये हो ती. चूक माझीच," ताई म्हणाली आणि माझं कडं पुसून तिने स्क्रू आवळला.

तिसऱ्या दिवशी तिचा हात स्क्रूपर्यंत आला आणि मागे गेला. पाचव्या दिवशी पिवळ्या रेषेच्या कडेने बारीक ठिपक्यांची रांग उभी होती. ताईने तिथूनच फोन लावला.

"बाबा, तुमचा तो जिवंत आहे! शेजारी हवा होता त्याला."

पलीकडून बाबा हसले. "मग त्याला सांग, औषधांनी इथलं घर पार रिकामं केलंय. शेजाऱ्याला घेऊनच ये म्हणावं."

मित्रांनो, तुमच्या पोटातही असे कितीतरी शेजार आहेत, आणि त्यांतले बरेचसे अजून कुणी पाहिलेलेही नाहीत. डॉक्टरांनी दिल्याशिवाय प्रतिजैविकं घेऊ नका. आणि एखादा उगवत नसेल, तर बरणीला बोल लावण्याआधी त्याच्या शेजारी कोण होतं, तेवढं बघा.