संत्र्याच्या वासाचं गंगाजल

अन्नपूर्णा रोडवरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर द्रवानंद महाराजांनी एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यावरून पांढरा मणी फिरवला, "निकल, रोग, निकल!" असं ओरडले आणि तो काचेच्या वाटीतल्या गंगाजलात टाकला. फस्स! मणी दिसेनासा झाला. लोकांनी हात जोडले. काही जणी तर रडायलाच लागल्या.

"देखा? गाँठ पिघल गई! डॉक्टर की सुई मत लगवाना, सुई से गाँठ भड़कती है!"

शेजारी माझी धाकटी जाऊ अमिता बसली होती. तिच्या स्तनात गाठ होती. तुकोगंजच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं, पण ती दिवाळीपासून या महाराजांकडेच येत होती. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणून माझ्याजवळ हा विषयच काढत नसे. आज मी हट्टाने सोबत आले होते.

"मंजूताई, इथे काही बोलू नका हां, प्लीज," ती कुजबुजली.

तिचा नंबर आला. मीही तिच्यामागे स्टेजवर चढले. मणी फिरवताना महाराजांची बोटं तिच्या छातीवर नको तितकी रेंगाळली. अमिता आक्रसून गेली, तरी डोळे मिटून बसून राहिली. त्या माणसाची मला शिसारी आली. तेवढ्यात वाटीतून वास आला, नुकतंच संत्रं सोलल्यासारखा.

"महाराज, गंगाजलाला संत्र्याचा वास कसा?"

"दिव्य रस है, बेटी. श्रद्धा से सूँघो."

कडेला नव्या स्पीकरचं खोकं पडलं होतं. त्यातल्या थर्माकोलचा तुकडा मोडून मी वाटीत टाकला. फस्स! तोही गायब.

मी माइक ओढला. "या स्पीकरला कुठला कॅन्सर झाला होता?"

"अरे भिया, ये तो थर्माकोल है!" मागून कोणीतरी ओरडलं.

महाराजांचा चेला वाटी उचलायला धावला, पण मी आधीच वाटीशेजारची पळी घालून ढवळलं होतं. तळातून चिकट, लिबलिबीत तार वर आली.

"बघा, मणीही थर्माकोलचाच होता, तो कुठेही गेला नाही. हे पाणीच नाही, संत्र्याच्या सालीचं तेल आहे. त्यात लिमोनीन असतं. झाडं वासाची जी द्रव्यं तयार करतात, त्यांतल्या टर्पीन नावाच्या कुळातलं. नाव पडलं लिंबावरून, पण संत्र्याच्या सालीत ते भरपूर असतं. थर्माकोल म्हणजे थोडं प्लास्टिक आणि बाकी हवा. प्लास्टिक या तेलात विरघळतं, हवा फसफसून निघून जाते. अंगातल्या गाठीला याने काहीही होत नाही!"

"नास्तिक! नास्तिक!" महाराज किंचाळले. बरेच लोक उठून बाहेर पडले. काही जणी मात्र तरीही पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या.

बाहेर आल्यावर अमिता माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, माझी गाठ मोठी झालीये. मी रोज हात लावून बघत होते. त्यांना सांगितलं तर बोले, निकलने से पहले फूलती है."

आम्ही तिथूनच डॉक्टरांकडे गेलो. तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. दिवाळीत आली असती तर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता स्तन काढावा लागला. अमिता वाचेल, असं सगळे म्हणतात. महाराजांची पोस्टरं सध्या शेजारच्या देवासला लागली आहेत.

हाताला गाठ लागली तर देवाला खुशाल नमस्कार करा, पण लगेच तपासणीला जा. वाट बघण्यात जे जातं, ते कुठलाही डॉक्टर परत आणून देऊ शकत नाही.