हसण्यासारखी घरं

पडद्यावर तो फोटो आला आणि वर्गात हशा पिकला. स्वयंपाकघरातला ओव्हन, त्याचं दार सताड उघडं, आणि समोर स्टूल टाकून शेकत बसलेली कोट-टोपीतली म्हातारी. तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. मागच्या खिडकीच्या फटींत पायमोजे कोंबलेले.

सर हशा ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आता सांगा, या ओव्हनमध्ये भाजायला काय ठेवलंय?"

पुन्हा हशा. हा विनोद आजवर कुठल्याच तुकडीत वाया गेला नव्हता.

घराघरांत जाऊन कुठून ऊब निसटते, कुठून गार वारा शिरतो, वीज आणि गॅस कुठे फुकट जातो, हे तपासण्याचं काम सरांनी उमेदीची सगळी वर्षं केलं होतं. पुढे गुडघे बोलायला लागले. माळ्यावर चढणं, जिन्याखाली सरपटणं जमेना, तेव्हा कार्यालयाने त्यांना नव्या तपासनिसांना शिकवायला बसवलं. विषय तसा कोरडा. भिंतींची जाडी, काचांचे थर, हवेचा दाब. पहिल्या तुकडीतले निम्मे लोक पेंगले होते. दुसऱ्या तुकडीला त्यांनी आपल्या जुन्या तपासण्यांत स्वतः काढलेले फोटो दाखवले. दाराला खिळ्यांनी ठोकलेली रजई, फुटक्या काचेच्या जागी टीव्हीचा खोका. लोक हसले आणि हसता हसता शिकलेही. तेव्हापासून सरांचा वर्ग म्हणजे मजा, असं नाव झालं. घरी चार शब्द न बोलणारा हा माणूस वर्गात मात्र खुलायचा.

मागच्या बाकावर चाळिशी उलटलेली एक बाई बसायची. आधी ती लोकांच्या घरी राहून आजाऱ्यांची देखभाल करायची. तुकडीतली पोरं तिला मावशी म्हणत. रजईच्या फोटोला तीही तोंडावर हात ठेवून हसली होती. ओव्हनचा फोटो आला तशी ती उठली आणि दार हळूच लोटून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने परत येऊन जागेवर बसली, तेव्हा सर म्हणाले, "मावशींना ओव्हन बघून भूक लागलेली दिसते."

सगळे हसले. तीही हसल्यासारखं करून वही उघडून बसली.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपलं घर त्यासाठी दिलं होतं. एकेकाने आत जायचं, तपासणी करायची, सरांनी मागे उभं राहून गुण द्यायचे. मावशींची पाळी दुपारी आली. पुढच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवला होता. पंखा घरातली हवा बाहेर खेचायचा, मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरचा वारा शीळ घालत आत यायचा. मावशी हाताचा पंजा उघडून खिडक्यांच्या कडांवरून फिरवत होत्या. माळ्याचं झाकण तपासायला त्या साफ विसरल्या. सरांनी गुण कापले.

स्वयंपाकघरात एक भिंत ओल धरून काळी पडली होती. अहवालाला तिचा फोटो लागणार होता. भिंतीच्या कडेला गादी अंथरलेली, उशाशी औषधं, पाण्याचा तांब्या. बाकीचं घर गार पडतं म्हणून गृहस्थ इथेच झोपत असणार. मावशींनी कॅमेरा काढला तसे ते गडबडले आणि गादी पायानेच कपाटाआड सरकवायला लागले. पसारा आवरायचा राहिला, एरवी असं नसतं, असं काहीबाही पुटपुटत होते.

"राहू दे, काका," मावशी म्हणाल्या. "मी या बाजूने काढते. भिंत येईल, गादी येणार नाही."

फोटो काढून त्यांनी तो आधी काकांना दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून बघितला, मान डोलावली आणि मग ही भिंत कधीपासून अशी आहे ते आपणहून सांगायला लागले. सर दारात उभे होते. त्यांच्या हातातल्या कागदावर या गोष्टीला गुण नव्हते.

तपासणी आटोपली. बाकीचे चहाला पांगले. सर आणि मावशी गाडीपाशी दारातल्या त्या कापडाची घडी घालत होते. दोन टोकं सरांच्या हातात, दोन मावशींच्या. सकाळपासून मनात घोळत होतं ते सर बोलले. काल तुम्ही उठून गेलात, माझं काही लागलं का, असं विचारलं.

मावशींनी घडीची कड जुळवून घेतली. "आईचं घर होतं ते."

"कुठलं?"

"ओव्हनवालं."

सरांच्या हातातलं टोक सुटलं. मावशींनी ते वाकून उचललं, झटकलं आणि घडी घालता घालता सांगत राहिल्या, आवाज न चढवता. त्या वेळी त्या परगावी एका आजाऱ्याकडे होत्या. आई एकटीच. तपासायला साहेब येणार म्हणून तिने पडदे धुऊन त्यांना इस्त्री केली, फरशी पुसली, चांगले कपडे घातले. पण त्या दिवशी थंडीच एवढी, की वरून कोट-टोपी चढवावीच लागली. साहेब गेल्यावर तिने फोन केला होता.

"म्हणाली, भला माणूस होता. एवढे फोटो काढून गेला, घर आवडलेलं दिसतं त्याला." मावशींनी कापडाची घडी दाबून बसवली. "शेजारीपाजारीही सांगत फिरली."

कार्यालयाकडून खिडक्या बदलायची मंजुरी यायच्या आत आई गेली. हृदयविकाराने, थंडीने नव्हे, तो दोष तुमच्याकडे येत नाही, हे मावशींनी मुद्दाम सांगितलं. आणि आई म्हणायची हे काम छान आहे, लोकांची घरं बघत हिंडायचं, म्हणून तर त्यांनी या प्रशिक्षणाला नाव घातलं होतं.

सरांनी माफी मागितली. ती त्यांची त्यांनाच इतकी तोकडी वाटली, की वाक्य धड पुरंही झालं नाही. मग घाईघाईने म्हणाले, फोटो आजच काढून टाकतो.

"वर्गातून काढा," मावशी म्हणाल्या. "पण मला द्या. तिचा शेवटच्या काळातला एकही फोटो नाही माझ्याकडे."

घरी आल्या आल्या सरांनी मूळ फोटो शोधून काढला. वर्गासाठी त्यांनी तो कापला होता, ओव्हन मोठा दिसावा म्हणून. पूर्ण फोटोत म्हातारी स्टुलावर ताठ बसली होती. टोपीखालचे केस विंचरून नीट कानामागे घेतलेले. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, स्टुडिओत बसल्यासारखी. शेजारी टेबलावर बशीत बिस्किटं मांडलेली आणि झाकण घातलेला एक कप. एकच कप. तो कोणासाठी होता हे कळायला सरांना एक क्षण लागला. आपण तो प्यायलो की तसाच ठेवून निघालो, ते काही आठवेना.

त्यांनी बाकीचे फोटोही उघडून पाहिले. रजईच्या कडेला कापला गेलेला एक खांदा होता. खोक्याच्या खाली कुणाचा तरी हात. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. सर पानावर बसले आणि ताट तसंच सोडून पुन्हा फोटोंकडे गेले. काय झालंय असं तिने विचारलं, तेव्हा पोट ठीक नाही म्हणाले.

सकाळी वर्गाबाहेर त्यांनी मावशींना पाकीट दिलं. मावशींनी फोटो बाहेर काढला, उजेडाकडे धरला. बिस्किटांवरून, कपावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मागणं होतं.

"सर, तुमच्याशी काय बोलली ती? तासभर तरी असाल ना तुम्ही तिथे?"

सर आठवू लागले. खिडकीची चौकट आठवली. तिचं लाकूड खालून कुजलेलं होतं. फटीतून येणारा वारा किती होता, तेसुद्धा आठवलं. म्हातारीचा आवाज आठवेना. तिने काहीतरी विचारलं असणार, काहीतरी सांगितलं असणार. तुमचं नाव काढलं होतं, लेक मोठी कष्टाळू आहे म्हणाल्या, असं काहीसं सरांच्या अगदी ओठांवर आलं. मावशींनी ते लगेच मानलं असतं.

"नाही आठवत," सर म्हणाले.

मावशींनी मान हलवली. "बरं." फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत सगळ्यात आत सरकवलं आणि वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसल्या.

सर त्यांच्या मागोमाग आत आले. कुणीतरी आधीच पडदा सोडून ठेवला होता, दिवे मालवले होते. पोरं सावरून बसली. पुढच्या बाकावरून आवाज आला, "सर, आज कुठली घरं?"

सरांनी जाऊन दिवे लावले. मग पडदा गुंडाळला आणि त्यामागच्या फळ्याच्या कडेला खडू शोधत राहिले.