हँडल डावीकडे ओढतंय

मी एक जुनी जोडसायकल आहे. मित्रांनो, माझ्यावर दोन माणसं बसतात, एक पुढं आणि एक मागं. हँडलंही दोन आहेत. त्यातलं पुढचं फिरतं. मागचं फिरत नाही. मागच्या माणसाला आपल्यालाही काही अधिकार आहे असं वाटावं, एवढ्यासाठीच ते बसवलेलं असतं.

माझा जन्म ख्रोनिंगन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एल्त्यो आणि फ्राउके यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. खरं म्हणजे आहेरात एक साधी सायकल द्यायची ठरली होती, पण ती नवऱ्याला द्यायची की नवरीला, यावरून दोन्हीकडच्या काकांची जुंपली. शेवटी मला आणलं. भांडण मिटलं नाही, ते फक्त माझ्यावर येऊन बसलं.

आमचा मुलूख सपाट आहे. चढ नाही की उतार नाही. चढाचं सगळं काम वारा करतो, आणि तो जाताना समोरून येतो, येतानाही समोरूनच येतो. कालव्यांच्या काठानं, राइटडीप नदीच्या बांधावरून आम्ही उन्हाळाभर भटकत असू. घाई कसलीच नसे. पाण्यातली बदकं आम्हाला मागं टाकून पुढं जात आणि वळून बघत. वाटेत कॉफीला थांबायचं, सफरचंदाचा केक खायचा, दुसऱ्यांच्या गाईंना नावं ठेवायची आणि घरी यायचं. रस्ताभर वाद एकच.

"फ्राउके, पाय मारतेस की नुसते ठेवलेस?"

"मारतेय."

"मग मला जड का जातंय?"

"पोट कमी कर, हलकं जाईल."

मित्रांनो, खरं काय ते चेनला कळतं. माझी पुढची-मागची पायडलं एकदमच फिरतात, त्यामुळे बघणाऱ्याला दोघंही राबताना दिसतात. प्रत्यक्षात एल्त्यो पुढं बसून गाणी म्हणे आणि राबे ती फ्राउके. कॉफीच्या दुकानातले लोक मात्र त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "काय दम आहे बुवा या माणसात!" मी काही बोलले नाही. सायकलनं बोलायची पद्धत नाही.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग एका वसंतात मी डावीकडे ओढू लागले. म्हणजे एल्त्यो तसं म्हणू लागला. आधी आम्ही एका टपालपेटीवर आपटलो. "हँडल डावीकडे ओढतंय," तो म्हणाला. मग एका बाकावर आपटलो. बाक उजवीकडे होता. "आता उजवीकडेही ओढायला लागलंय," तो म्हणाला. सायकली दुरुस्त करणाऱ्या वुबोनं मला टांगलं, चाकं फिरवून पाहिली, बेअरिंग बदललं आणि हात पुसत सांगितलं, "हिच्यात काही दोष नाही."

"तुला त्यातलं कळत नाही," एल्त्यो म्हणाला.

त्यानंतर आम्ही कालव्यात गेलो. जोरात नाही, आमचा वेगच तसा नव्हता. आम्ही सावकाश, घंटी वाजवत, पाण्यात गेलो.

त्यांची मुलगी यांतीन धावत आली. "बाबा, ही सायकल एक दिवस तुमचा जीव घेईल. शनिवारी भंगारवाल्याची गाडी बोलावते मी."

"हो, बिघडलीच आहे ती," एल्त्यो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मला शेडमध्ये ठेवलं आणि माझ्या दोन्ही सीटांवर बटाट्यांची पोती टाकली. मोठं पोतं पुढच्या सीटवर टाकलं, एवढा मान राखला.

मित्रांनो, दोष माझा नव्हता. माणसाच्या हाताच्या पकडीवरून आम्हाला सगळं कळतं. एल्त्योच्या डोळ्यांना कडेचं दिसत होतं, मधलं दिसत नव्हतं. पण हे कबूल केलं तर पुढची सीट जाणार होती. त्यापेक्षा माझ्यावर आळ घेणं त्याला सोपं गेलं. आता तो कबूल होईना, म्हणून मी भंगारात जाणार होते, आणि मी गेले की त्याचं फिरणंही संपणार होतं. तो दिवसभर खिडकीशी बसून राही.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी फ्राउकेनं माझ्यावरची पोती उतरवली.

"टाकून द्यायच्या आधी खरंच ओढतंय का ते मी बघते. मी पुढं बसणार."

"आणि मी?"

"मागं."

"मी काय सामान आहे?"

"सामान बोलत नाही. चल."

रस्ता आपण सांगणार, या अटीवर तो बसला. आमच्याकडे फाट्याफाट्यावर खांब असतात आणि खांबांवर आकडे. या आकड्यावरून त्या आकड्याकडे जात राहिलं की सहल होते. एल्त्योला ते सगळे आकडे पाठ होते. आता, आमच्या लोकांचे आकडेही तुमच्यासारखेच असतात, आधी एकक बोलायचं आणि मग दशक. तिथंच घात झाला. फ्राउकेला लग्नापासून नवऱ्याचं बोलणं निम्मंच ऐकायची सवय. मागून तो "बेचाळीस" म्हणाला. हिनं "बे" ऐकलं आणि दोनानं सुरू होणारी पहिली पाटी दिसली तिकडं वळली. पाटी चोविसाची होती.

"हा रस्ता आपला नाही," थोड्या वेळानं एल्त्यो म्हणाला. "पाण्याचा वास भलत्याच बाजूनं येतोय."

"मग नाक धर."

रस्ता संपला तो थेट पाण्याशी. तिथं नावाडी नसलेला तराफा होता, आपणच साखळी ओढून पलीकडं जायचं. तराफा अर्थातच पलीकडच्या काठाला होता. एल्त्यो उतरला आणि साखळी ओढू लागला. तराफा हळूहळू आला. त्यावर एक मेंढी उभी होती. बाकी कोणी नव्हतं.

"मोइ," एल्त्यो म्हणाला. आमच्याकडे सकाळी भेटा की संध्याकाळी, मोइच म्हणतात. मेंढी काही बोलली नाही. आमच्या भागात हेही चालतं.

"वारा आहे आज," एल्त्यो म्हणाला. "जाड कोट घातलात ते बरं केलंत."

मेंढी उतरली आणि गवतातून निघून गेली.

"कमी बोलणारी बाई," तो कौतुकानं म्हणाला. "कुणाकडची गं?"

फ्राउके हसली नाही. माझ्या हँडलवरची तिची मूठ आवळली.

"एल्त्यो, ती मेंढी होती."

साखळीवरून पाणी ठिबकत राहिलं. एल्त्योनं हात पँटला पुसले, मग पुन्हा पुसले.

"मला समोरचं दिसत नाही, फ्राउके. आता तू इथं उभी आहेस ना, तर तुझे कान दिसतात. मधे तू नाहीस."

"कधीपासून?"

"टपालपेटीच्या आधीपासून."

"आणि हँडल?"

"हँडल ठीक आहे."

मित्रांनो, मी निर्दोष सुटले. साक्षीला फक्त लांब जाणारी मेंढी होती.

फ्राउकेनं केस कानांमागं सारले. मग तिनं विचारलं, "कान कसे दिसतात?"

"मोठे."

"बस मागं," ती म्हणाली.

परतताना वारा समोरून होता. पुढं बघायचं काम गेल्यावर एल्त्योकडे पायांशिवाय काही उरलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं पाय मारले. चेन अशी ताणली गेली की तिसरं कुणी बसलंय की काय, अशी मला शंका आली. घरी पोचल्यावर फ्राउकेनं विचारलं, "कशी चालवली मी?"

एल्त्योनं विचार केला. "याहून वाईट चालवता आली असती."

आमच्या भागात याच्यापेक्षा मोठी स्तुती नाही. फ्राउके लाजून कॉफी करायला आत गेली.

शनिवारी गाडी आली. ड्रायव्हरनं मला पुढून-मागून पाहिलं. "चांगली दिसतेय की! काय बिघडलंय हिचं?"

यांतीन सांगणार, एवढ्यात एल्त्यो मधे आला. ड्रायव्हर दिसावा म्हणून त्यानं मान थोडी वाकडी केली.

"हिचं काही नाही. बिघडलोय मी. पण मला न्यायला वेगळी गाडी येते, आणि तिला अजून वेळ आहे."

यांतीननं बापाची वाकडी मान पाहिली. मग तिनं डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल. तिला तेल द्या, चाकांत हवा भरा, पावसात बाहेर ठेवू नका. आणि ती वेडीवाकडी जाऊ लागली तर तिला टाकून देण्याआधी तिच्यावर बसणाऱ्याला जरा शांतपणे विचारा, काय होतंय म्हणून. आम्हाला बोलता येत नाही. त्याला येतं, पण तो बोलत नाही.