दर वेळी वीसच

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पेन, पट्टी आणि आलेखाचा कागद न्यावा लागतो, आणि त्याशिवाय एक जिवंत माणूसही न्यावा लागतो. त्याला 'सब्जेक्ट' म्हणतात. परीक्षा विद्यार्थ्याची आणि प्रयोग त्या माणसावर. ज्यानं कुणी हा नियम केला, त्याच्या घरी भर सकाळी अकरा वाजता रिकामी बसलेली माणसं बरीच असावीत. दर्शनाच्या घरी तसं कुणी नव्हतं. परळच्या चाळीतल्या त्या खोलीत ती आणि तिची आई चंपा, दोघीच. आणि आई नऊ वाजताच हिंदमाताला साडीच्या दुकानात फॉल-पिकोला जाऊन बसायची.

म्हणून दर्शनानं प्रितीला महिनाभर आधी पटवून ठेवलं होतं. प्रिती तिची शाळेपासूनची मैत्रीण, शब्दाला पक्की. तिचा फोन दहा वाजून दहा मिनिटांनी आला, तेव्हा दर्शना दादरच्या कॉलेजच्या फाटकाशी उभी होती.

"सॉरी यार, आत्ताच इंटरव्ह्यूचा कॉल आलाय. लोअर परळला. नाही गेले तर मम्मी जीव घेईल माझा. तू दुसरं कुणीतरी बघ ना."

दुसरं कुणीतरी! ही तिची तिसरी खेप होती. पहिल्या वेळी बाबा जाऊन दहा दिवस झाले होते, ती परीक्षेत नुसती कागदाकडे बघत बसली. दुसऱ्या वेळी तीन गुणांनी गेली. आता जुना अभ्यासक्रमच बंद होणार होता, म्हणजे ही शेवटची संधी. माटुंग्याच्या मुलांच्या समुपदेशन केंद्रातल्या राजलक्ष्मी मॅडमनी मदतनिसाची जागा तिच्यासाठी निकालापर्यंत राखून ठेवली होती. तशीच जागा आणखी कुणी राखून ठेवली असेल तर ती हिंदमाताच्या शेठनं. आईच्या शेजारचं दुसरं मशीन त्यानं कापड टाकून झाकून ठेवलं होतं आणि येता-जाता म्हणायचा, "बसेल की तुझी पोरगी, कुठं जाते?" ह्या दोन जागांच्या मधे आजची परीक्षा होती.

ती धावत सुटली. दुकानात शिरली तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. आईनं सगळं ऐकून घेतलं, सुई साडीच्या काठात खोचून ठेवली आणि शेठला म्हणाली, "दोन तास जाऊन येते." नऊ वर्षांत तिनं असं कधी मागितलं नव्हतं. शेठ नाही म्हणायच्या आत ती रस्त्यावर आलीसुद्धा.

"मला जमंल का पण?" चालता चालता तिनं विचारलं.

"तुला काही करायचं नाही गं. मी सांगेन तेवढं कर. आणि कुणी काही विचारलं तर घाबरू नको, खरं असेल ते सांग."

"बघू," आई म्हणाली.

हे 'बघू' दर्शना लहानपणापासून ऐकत आली होती आणि तिला त्याचा मनस्वी राग होता. दहावीला आई म्हणाली होती, पस्तीस टक्के पडले तरी पुष्कळ, पडले एकाहत्तर. तेव्हा शेजारपाजारच्या बायका आपापल्या पोरींची नुसती तारीफ करत सुटल्या होत्या आणि ही आपली वाटीभर साखर वाटून गप्प. आपल्या आईला आपला भरवसाच नाही, ही सल दर्शनाच्या मनात कायमची होती. तोंड भरून बोलताना तिनं आईला एकदाच ऐकलं होतं. हॉस्पिटलच्या वॉर्डात, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर, बाबांच्या उशाशी बसून. "आठ दिवसांत घरी न्येते तुम्हाला. गणपतीत लालबागला चालत जायचंय आपल्याला." तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

प्रयोगशाळेत बारा टेबलं होती आणि प्रत्येकाशी दोन खुर्च्या. प्रयोग चिठ्ठी उचलून ठरायचा. दर्शनाच्या चिठ्ठीवर 'आकांक्षा-पातळी' निघालं आणि तिला सकाळपासून पहिल्यांदा श्वास पुरला. हा तर तिला तोंडपाठ होता. लाकडी पाटीला शंभर भोकं, पेल्यात पितळी खुंट्या. एका मिनिटात जमतील तितक्या खुंट्या बसवायच्या. मात्र दर फेरीआधी सब्जेक्टला विचारायचं, ह्या वेळी किती बसवाल? तो सांगेल तो आकडा एका रकान्यात, प्रत्यक्ष बसतील तो दुसऱ्यात. पुस्तक म्हणतं, यश मिळालं की माणूस पुढच्या वेळी आकडा वाढवतो. वाढत जाणाऱ्या त्या रेषेचं चित्र पुस्तकात पान एकशे बारावर होतं.

"किती बसवशील, आई?"

"वीस."

घड्याळ दाबलं. आईची बोटं पेल्यातून पाटीवर अशी चालली की शेजारच्या टेबलावरचा निलेश आपला प्रयोग सोडून बघत राहिला. एक्केचाळीस.

"एक्केचाळीस बसल्या," दर्शना म्हणाली. नियमाप्रमाणे सांगावं लागतं. "आता किती बसवशील?"

"वीस."

त्रेचाळीस बसल्या. पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "वीस." ह्या खेपेला चव्वेचाळीस.

पलीकडे निलेशचा काका पंचवीस, तीस, पस्तीस असा शहाण्यासारखा चढत होता. तिच्या रकान्यात वीस, वीस, वीस. रेषा आडवी पडली होती. असलं चित्र पुस्तकात कुठल्याच पानावर नव्हतं. तिसऱ्यांदा बसलेल्या मुलीनं असला आलेख दाखवला तर परीक्षक काय म्हणणार? प्रयोगसुद्धा नीट घेता येत नाही, हेच.

ती पुढे वाकली. सब्जेक्टला सुचवायचं नसतं, हे पहिल्याच धड्यात असतं. तरी ती कुजबुजली, "आई, जास्त सांग गं."

"कशाला?"

"सगळे सांगतात."

"सांगू दे की," आई म्हणाली. "वीस."

पाचही फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीत सत्तेचाळीस बसल्या. मग दर्शनानं जे केलं ते तिनं एकटीनंच केलं असं नाही. त्या खोलीत त्या घडीला निदान चार जण तेच करत होते, आणि वर्षानुवर्षं करत आलेत. तिनं नवा कागद घेतला आणि आईच्या विसांच्या जागी वीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस असे आकडे लिहिले. रेषा सुरेख वर गेली.

बाहेरून आलेले परीक्षक गुरुदत्त सर टेबलं फिरत फिरत आले. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी आलेख उचलला.

"वा. अगदी पुस्तकातल्यासारखा आलाय." मग दर्शनाकडे न बघता विचारलं, "निरीक्षण म्हणजे काय?"

"जे घडतं ते, जसं घडतं तसं टिपून ठेवणं, सर," दर्शना घडाघडा म्हणाली.

"बरोबर." ते आईकडे वळले. "मावशी, तुम्ही दर वेळी किती सांगितलं होतं?"

दर्शनानं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिला सांगितलं होतं ना, खरं असेल ते सांग म्हणून.

"वीस," आई म्हणाली. "दर वेळी वीसच."

"आणि बसवल्यात चव्वेचाळीस, सत्तेचाळीस. मग वीसच का?"

"तसंच सांगायचं असतं, साहेब." आई थोडी लाजली, पण तिला आता कामाचं विचारलं होतं, म्हणून नीट सांगू लागली. "शेठ विचारतो, दिवसाला किती साड्या होतील? माझ्या हातून बारा होतात. मी आठ सांगते. आमच्यात सुंदराबाई होती, नवी नवी आली तेव्हा फुशारकीनं पंधरा म्हणाली. मग तिला रोज पंधराच. ताप असो, काय असो. डोळे गेले तिचे. जास्त बोललं की ते आपल्या मानेवर बसतं. हातात असेल ते हातात ठेवायचं, तोंडानं कमी बोलायचं."

गुरुदत्त सर खुर्ची ओढून बसले.

"बाई," ते दर्शनाला म्हणाले, "आज ह्या खोलीत बारा प्रयोग झाले. सांगण्यासारखं काही निघालं असेल तर ते फक्त तुमच्या टेबलावर. हे तुम्ही जसंच्या तसं लिहिलं असतं आणि आईंना एक प्रश्न विचारला असता, तर मी तुमच्याशी अर्धा तास बोलत बसलो असतो. तुम्ही ते बाजूला ठेवून शेजारच्या टेबलावरच्या काकांसारखा आलेख काढलात."

"सर, शेवटची संधी आहे," दर्शना म्हणाली. "मी पुन्हा काढते. खरे आकडे आहेत माझ्याकडे, हा बघा पहिला कागद. पाच मिनिटं द्या, सर. पाया पडते."

"पाया पडू नका." त्यांनी लाल पेन काढलं, आलेखावर एक तिरकी रेघ ओढली, खाली काहीतरी बारीक लिहिलं आणि कागद पालथा घालून गठ्ठ्यात ठेवला. उठताना आईला मात्र नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर दोघी हिंदमाताच्या पुलाखालून चालत होत्या. बाहुल्यांना नेसवलेल्या साड्या दुकानादुकानांतून झुलत होत्या. आई दोन पावलं पुढे, दुकानात जायची घाई असलेली. सिग्नलपाशी ती थांबली.

"मी चुकीचं बोलले का गं तिथं?"

"नाही. तू बरोबर बोललीस."

"मग ते लाल का केलं?"

दर्शनानं नुसती मान हलवली. तिला एवढंच कळत होतं की आज एका तासात तिला आईची सगळी भाषा कळली होती. ते पस्तीस टक्के, ते 'बघू', ती वाटीभर साखर. भरवसा नव्हता म्हणून नव्हे, भरवसा होता म्हणून आई कमी बोलत होती. लेकीच्या मानेवर काही बसू नये म्हणून. आणि हे कळायला पान एकशे बारासारख्या त्या आलेखावर लाल रेघ पडावी लागली होती.

सिग्नल सुटला, तरी आई हलली नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं दर्शनाच्या गालावरून हात फिरवला, सुईनं खरबरीत झालेला, आणि तोंड भरून म्हणाली, "पास होशील तू. चांगली ऐंशी टक्क्यांनी होशील. माटुंग्याला नोकरीला जाशील, मी स्वतः सोडायला येईन तुला."

हा आवाज दर्शनानं ऐकला होता, वॉर्डात, बाबांच्या उशाशी.

तिनं आईचा हात घट्ट धरून ठेवला. "आई," ती म्हणाली, "कमी सांग गं. वीस सांग."

पण आई ऐंशीच म्हणत राहिली.