शनिवारच्या डब्याचा ठावठिकाणा

मित्रांनो, बाल्कनीतल्या कपाटात जुन्या पडद्याखाली झाकून ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. माझी जुळणी दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, संगणकांच्या बाजारात झाली. तिथून मी गुडगावला, श्रीपाद आणि कल्पना यांच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हा खिडकीबाहेर निम्म्या इमारती होत्या आणि निम्म्या क्रेन. श्रीपाद पुण्याचा, इथे कंपनीत नोकरीला. कल्पना दिल्लीतच वाढलेली. तिचे वडील शांतारामजी केंद्र सरकारच्या नोकरीत होते. तिने श्रीपादशी लग्न केलं तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं.

माझा स्वभाव मूळचाच संशयी. कोणतीही फाइल आली की आधी तिची झडती घ्यायची, मगच आत सोडायची. याबद्दल घरात माझं कौतुक व्हायचं.

मग श्रीपादने नवा मोबाइल घेतला. हे मोबाइल भलतेच चौकस असतात. उपग्रहांचे संदेश पकडून आपण कुठे आहोत ते ओळखतात आणि फोटो काढला की त्या जागेचे आकडे फोटोच्या पोटात लिहून ठेवतात. फोटो कितीही निरखून पाहा, आकडे दिसत नाहीत. सुरुवातीला मोबाइलने परवानगी मागितली होती, पण श्रीपादने न वाचताच ‘हो’ दाबलं.

श्रीपादला डायबेटिस, आणि डबा तसाच परत आणून कँटीनचे समोसे खायची खोड. म्हणून कल्पनाने शिस्त लावली की जेवण झालं की रिकाम्या डब्याचा फोटो काढायचा. रविवारी तो मोबाइल केबलने मला जोडायचा आणि सगळे फोटो आकड्यांसकट माझ्याकडे यायचे.

दिवाळीनंतर तो शनिवारीही ऑफिसला जाऊ लागला. काम वाढलंय, म्हणे. शनिवारचे फोटो पाहून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डबा अगदी जवळून टिपलेला, खालचं टेबलही दिसू नये असा. शिवाय कारल्याची भाजी चाटूनपुसून संपलेली, आणि हा माणूस तर कारल्याचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी आकडे तपासले, ते गुडगावचे नव्हते. पण कुणी विचारल्याशिवाय आम्ही संगणक बोलत नाही.

एका रविवारी कल्पना फोटो लावत बसली होती. तिने सहज नकाशाचं बटण दाबलं. प्रत्येक फोटोची एक टाचणी उमटली. रोजच्या डब्यांच्या टाचण्या गुडगावात होत्या, शनिवारच्या मात्र साऱ्या पार उत्तर दिल्लीत, हिंदूरावच्या बाजूला. श्रीपादची जुनी सहकारी प्रमोदिनी तिकडेच राहायची. कल्पनाला ते आठवलंच असणार, मला तर पक्कं आठवलं.

तिने श्रीपादला हाक मारली आणि काल कुठे जेवलास म्हणून विचारलं. ऑफिसमध्येच, तो म्हणाला. तिने माझा पडदा त्याच्याकडे वळवला.

“अच्छा, मग तुझं ऑफिस हिंदूरावला कधी गेलं?”

श्रीपाद खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

“तो डबा मी खात नाही, कल्पना. तुझे बाबा खातात. पाय मोडलाय त्यांचा, तिथल्या हॉस्पिटलमध्ये आहेत. मी त्यांना सांगितलं होतं की मेसचा डबा आहे. पण पहिल्याच घासाला त्यांनी तुझ्या हातची चव ओळखली.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, तिला कळलं तर ती डबा बंद करेल.”

कल्पना तशीच माझ्यासमोर बसून रडली. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. आकडे खरे होते, पण त्यांवरून आम्ही दोघांनी रचलेली गोष्ट साफ खोटी होती.

पुढच्या शनिवारचा फोटो कल्पनाने काढला. त्यात शांतारामजी रुसल्यासारखे भिंतीकडे तोंड करून बसलेत, पण गाल घासाने फुगलेला आहे.

मित्रांनो, अनोळखी माणसाला फोटो पाठवण्याआधी त्या फोटोच्या पोटात काय आहे ते तपासा आणि नको असेल तर ते आकडे काढून टाका. आणि घरातल्या माणसाचा असा फोटो हाती लागलाच, तर तो माणूस कुठे गेला होता ते मी सांगेन. का गेला होता, ते मात्र त्यालाच विचारा, आणि विचारताना आवाज थोडा खाली ठेवा.